मापात असलेलं बोअर आणि फुटलेलं इंजिन: क्यूएफ ३२ ची केस, उद्यमबागेतल्या सीएमएम टेबलावरून

मागच्या महिन्यात आमच्याकडं, बेळगावच्या उद्यमबागेत, एक लॉट अडकला, ६० पीस. हायड्रॉलिक पंपाचं कव्हर, कास्टिंग बाहेरून येतं, मशीनिंग आमचं. प्रत्येक पीसचा सीएमएमचा (प्रोब, म्हणजे मोजायची काडी, टेकवून मापं घेणाऱ्या मशीनचा) रिपोर्ट हिरवागार, लाल म्हणून एक ओळ नाही, आणि तरी कस्टमरकडं असेंब्लीला गळती. पहिले दोन दिवस सीलवाल्याला शिव्या घालण्यात गेले (उद्यमबागेत पहिला दोष कायम दुसऱ्याच्या मालात असतो). तिसऱ्या दिवशी मी एक पीस बँडसॉवर उभा कापून घेतला तर काउंटर बोअरच्या (भोकाचं तोंड आतून मोठं केलेल्या भागाच्या) एका बाजूची भिंत जाड आणि समोरची पातळ, मायक्रोमीटर लावायची पण गरज नव्हती, नुसत्या डोळ्याला कळत होतं. ड्रॉइंगवर डेटम, म्हणजे जिथून मापं धरायची ती जागा, होता आतल्या बोअरचा. पण त्या बोअरमध्ये बुश दाबून बसवला की प्रोब तिथं पोचतच नाही, मग कधीतरी कुणीतरी, बहुतेक मीच, प्रोग्राममध्ये बाहेरच्या गोलाईला डेटम करून टाकलं. दोन्ही गोल एका सेंटरवर असणारच की, असं धरून.

फोरमन मामा आले, कापलेला पीस हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, "माप तर बरोबरच घेतलंयस रे, पण कुठनं घेतलंयस ते सांग."

मला लगेच क्वांटासचं, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या एअरलाइनचं, ते विमान आठवलं. काही वर्षांपूर्वी एका मित्रानं, हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये क्वालिटीला होता तो, मला त्या अपघाताचा रिपोर्ट पाठवलेला, 'तुझ्या धंद्याचं आहे, वाच' म्हणून. विमानाचा आणि माझ्या धंद्याचा काय संबंध म्हणून मी तो आठवडाभर उघडलाच नाही. नंतर उघडला आणि रात्री दोनला संपवला. त्याचीच ही केस मांडतोय, कारण 'नवीन विमानं बेभरवशाची' असं आपण सरसकट बोलतो तेव्हा नेमकं कुठं काय चुकतं हे यात जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं दुसरीकडं मला तरी सापडलं नाही.

तारीख ४ नोव्हेंबर २०१०. फ्लाइट क्यूएफ ३२, सिंगापूरहून सिडनीला. विमान एअरबस ए३८०, दुमजली, पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास ८० मीटर. आपल्या सांबऱ्याच्या विमानतळावर एटीआर आणि एम्ब्रेअर असली छोटी विमानं बघायची सवय, त्यामुळं अंदाज यायला थोडा वेळ लागतो. ए३८० प्रवाशांच्या सेवेत आलेलं ऑक्टोबर २००७ ला, म्हणजे या प्रकाराचं वय तेव्हा जेमतेम तीन वर्षं, आणि हे विमान क्वांटासला मिळालेलं पहिलंच ए३८०, सप्टेंबर २००८ चं. आत प्रवासी ४४० आणि क्रू २९, एकूण ४६९ माणसं.

टेकऑफनंतर चारेक मिनिटांनी, साधारण ७,००० फुटांवर, इंडोनेशियाच्या बाटम बेटावर असताना दोन धडाके झाले. डाव्या पंखाखालचं आतलं इंजिन, नंबर दोन, फुटलं. फुटलं म्हणजे बंद पडलं नाही, आतली टर्बाइनची डिस्क तुकडे होऊन केसिंग फाडून बाहेर आली. तुकडे पंखातून आरपार गेले, इंधनाच्या टाकीला भोकं, शेकडो वायरी तुटल्या, हायड्रॉलिकची एक सिस्टीम गेली, आणि काही तुकडे खाली बाटममधल्या वस्तीत पडले. सुदैवानं खाली कुणाचा जीव गेला नाही.

कॉकपिटमध्ये त्या दिवशी योगायोगानं पाच पायलट होते, नेहमीचे तीन, शिवाय कॅप्टनची चेक घेणारा एक आणि त्या चेक घेणाऱ्याला तपासणारा आणखी एक. कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी. स्क्रीनवर एकामागून एक वॉर्निंगा यायला लागल्या, एक निस्तरली की खाली पुढची तयार, त्या सगळ्या हाताळण्यातच पाऊण एक तास गेला, तोवर विमान सिंगापूरजवळ घिरट्या घालत राहिलं. विमान जड होतं, इंधन टाकून द्यायची सोय निकामी, ब्रेक अर्धवट. लँडिंगचं गणित कॉम्प्युटरला घातलं तर त्यानं आधी उत्तरच दिलं नाही, आकडे सुधारून परत घातल्यावर म्हणाला ४,००० मीटरच्या रनवेवर १०० मीटर उरतील. उतरले, थांबले, आणि तरी संपलं नाही. नंबर एकचं इंजिन, म्हणजे त्याच पंखावरचं बाहेरचं, बंदच होईना, कारण त्याला बंद करायच्या वायरीच तुटलेल्या. टाकीतून इंधन गळतंय, ब्रेक लालबुंद, शेजारी चालू इंजिन. अशा वेळी घसरगुंड्या सोडून लोकांना खाली उतरवायचं की आत बसवून ठेवायचं? त्यांनी आत बसवलं, फायर ब्रिगेडनं फोम मारला, शिडी आल्यावर उजव्या बाजूच्या एकाच दारातून सगळ्यांना उतरवलं. एकालाही खरचटलं नाही. इंजिन मात्र पुढं तीनेक तासांनी फोमचा मारा करून करून विझवलं.

पायलट लोकांच्या बाजूचं इथवर बास. त्यांच्या शौर्यावर भरपूर बोलून झालंय आणि ते योग्यच आहे. मला इंटरेस्ट पुढच्या भागात.

इंजिन रोल्स-रॉइसचं ट्रेंट ९००. ट्रेंटची खासियत म्हणजे एकात एक असे तीन शाफ्ट: लो, इंटरमीजिएट आणि हाय प्रेशर. टर्बाइनच्या भागात, जिथं सगळ्यात जास्त उष्णता, तिथंच इंटरमीजिएट आणि हाय प्रेशर या दोन शाफ्टची बेअरिंग बसतात, आणि बेअरिंग म्हटलं की ऑइल आलं. म्हणून तिथं एक हब असतं, आतलं कडं आणि बाहेरचं कडं, आणि त्या दोन्हीतून जाणाऱ्या छोट्या नळ्या, एकीतून ऑइल आत येतं, एकीतून परत जातं, एकीतून हवा सुटते. या नळ्यांना स्टब पाइप म्हणतात. ऑइल आत आणणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर बसतो, त्याला जागा व्हावी म्हणून नळीचं तोंड आतून थोडं मोठं करायचं. काउंटर बोअर. आमच्याकडं दिवसाला शंभर निघतात तसलं काम.

एटीएसबीनं, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेनं, जे शोधून काढलं ते असं. हे काउंटर बोअर नळीच्या सेंटरवर नव्हतं. सरकलेलं होतं. त्यामुळं नळीची भिंत एका बाजूला पातळ. प्रत्येक उड्डाणात इंजिन तापतं निवतं, आतलं आणि बाहेरचं कडं थोडं थोडं हलतं, नळीवर ताण येतो, आणि तो सगळा ताण पातळ बाजू खाते. फटीग क्रॅक. कितीतरी उड्डाणं ती भेग वाढत राहिली आणि त्या दिवशी ऑइल बाहेर उडालं. आजूबाजूची हवा इतकी गरम की ऑइलला काडी लावायला नको, आपोआप पेटलं. ती आग इंटरमीजिएट टर्बाइनच्या डिस्कजवळ, जिथं डिस्क शाफ्टला जोडलेली असते तिथं. धातू नरमला, डिस्क शाफ्टपासून सुटली. आता बघा, डिस्कला गॅस ढकलतोय आणि पुढं कॉम्प्रेसरचं ओझं नाही. मोटरसायकलची चेन तुटल्यावर रेस दिलेलं इंजिन कसं भणाणतं, तसं, फक्त इथं आकडा डिस्कला सोसवेल त्याच्या पुढं गेला आणि ती फुटली. इंजिनाचं केसिंग सुटलेलं पातं अडवू शकतं, त्याची टेस्ट घेऊनच सर्टिफिकेट मिळतं. डिस्क अडवेल इतकं जाड केसिंग केलं तर विमान उडणारच नाही, म्हणून डिस्क फुटूच नये अशी ती बनवायची असते. आणि इथं डिस्कमध्ये खोट नव्हतीच. खोट दुसऱ्याच, नळीच्या, बोअरमध्ये.

बोअर सरकलं कसं, इथं मी खुर्चीवर सरळ बसून वाचायला लागलो. डिझाइनच्या ड्रॉइंगवर काउंटर बोअर आतल्या कड्यातल्या बोअरच्या संदर्भानं दिलेलं, त्या डेटमचं नाव एए. नळी तिथं घट्ट बसते. पण नळी एकदा बसवली की ते बोअर नळीखाली झाकलं जातं, मशीनवाल्याला दिसत नाही, प्रोबला सापडत नाही. मग कारखान्याच्या प्रोसेस ड्रॉइंगमध्ये दुसरं डेटम आलं, एम, बाहेरच्या कड्यातलं बोअर, कारण ते हाताशी आहे. एए आणि एम एका रेषेत असतीलच हे गृहीत. प्रत्यक्षात मधल्या ऑपरेशनांमध्ये हब थोडं हललं, दोघांचे सेंटर वेगळे झाले, आणि काउंटर बोअर एमच्या हिशोबानं अगदी बरोबर आणि नळीच्या हिशोबानं वाकडं.

माझ्या पंप कव्हरची गोष्ट. फक्त आमच्याकडं फार तर एखाद्या जेसीबीचं ऑइल गळलं असतं.

आता विमान नवीन असण्याचा यात काय संबंध? लोकांनी त्या आठवड्यात अंदाज केले ते सगळे ए३८० च्या आकारावर, एवढं अवाढव्य विमान, एवढं कॉम्प्लिकेटेड, निसर्गाच्या विरुद्ध वगैरे. आमच्या चहाच्या टपरीवर पण अशीच चर्चा झालेली मला आठवते. पण नवेपणा खरा नडला तो वेगळ्या जागी. जुन्या इंजिनाचा पार्ट असला की त्याचं प्रोसेस ड्रॉइंग दहा हातांखालून गेलेलं असतं, कुणीतरी कधीतरी एक पीस कापून बघितलेला असतो. नव्या पार्टचा प्रोसेस नवा, प्रोग्राम नवा, आणि पहिल्या पीसची जी कडक तपासणी व्हायची ती जर प्रोसेसच्याच डेटमवरून झाली तर ती पास होणारच, डिझाइनवाल्याच्या मनात काय होतं ते त्या टेबलापर्यंत पोचतच नाही. आणि एकदा प्रोग्राम सेट झाला की चूक एका पीसमध्ये राहत नाही, जेवढे निघतील त्या सगळ्यांत थोडीफार असते. चार इंजिनं असली म्हणून काय, चारही त्याच लाइनवरून आलेली. अपघातानंतर क्वांटासनं आपली सहाही ए३८० जमिनीवर ठेवली, हे इंजिन वापरणाऱ्या बाकीच्या एअरलाइन्सनाही तपासण्या कराव्या लागल्या, आणि सरकलेली बोअरं दुसऱ्या इंजिनांतही सापडली. क्वांटासचं पहिलं ए३८० परत उडालं ते २७ नोव्हेंबरला.

प्रत्येक नव्या विमानाचं दुखणं असलंच असतं असंही नाही. ड्रीमलायनरला जानेवारी २०१३ मध्ये दहा दिवसांच्या आत दोनदा बॅटरीचा प्रॉब्लेम आला, एकदा बॉस्टनला उभ्या विमानात आग, एकदा जपानमध्ये हवेतून तातडीनं उतरवावं लागलं, आणि जगभरातली ५० विमानं एप्रिलपर्यंत बसून राहिली, त्यात एअर इंडियाची ६. तिथं नवी वस्तूच, लिथियमची मोठी बॅटरी, नीट समजलेली नव्हती. ए३२० निओच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांचं अजून वेगळं, २०१५ ते २०२१ च्या काळात डिस्कसाठी वापरलेल्या धातूच्या पावडरमध्ये सूक्ष्म अशुद्धी निघाली, ते २०२३ ला जाहीर झालं आणि शेकडो इंजिनं पंखावरून उतरवावी लागली, इंडिगोची सत्तरच्या वर विमानं उभी राहिली. गो फर्स्टनं त्याच्या आधीच, २ मे २०२३ ला, याच इंजिनांकडं बोट दाखवून दिवाळखोरीचा अर्ज केला, इंजिन कंपनीला ते मान्य नव्हतं. आमच्या इथल्या फाउंड्रीवाल्यांना यातलं पावडरचं प्रकरण एका वाक्यात कळतं, त्यांना इन्क्लूजन (धातूत अडकलेली घाण) म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. पण त्याच्यावर परत कधीतरी.

क्यूएफ ३२ मध्ये मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. रिपोर्ट म्हणतो की ज्या कारखान्यात, इंग्लंडमध्ये हकनॉलला, हे हब बनत होतं तिथं 'मायनर' वाटलेले फरक न कळवता पुढं सोडायची रीत पडलेली होती. मशीन दाखवायचं, माणूस बघायचा, आणि एवढ्याशानं काय होतंय म्हणून पार्ट पुढं. कुणी दुष्ट नव्हतं. मला तो माणूस समोर दिसतो, कारण तो मी आहे. महिनाअखेर, टेम्पो गेटवर उभा, डिस्पॅचवाला दर पाच मिनिटांनी येऊन तोंड बघून जातोय, आणि स्क्रीनवर लिमिटपेक्षा दोन शतांश जास्त. परत मोजायचं. परत मोजलं की कधी कधी आत येतं पण! प्रोब नीट पुसला, जॉब थोडा निवला, आलं आत. मग पहिलं माप खरं की दुसरं? रिपोर्टला दुसरं जातं. आमचा बैलहोंगलचा ऑपरेटर आहे, त्याला मी विचारलं, पहिलं माप लिहून ठेवलंस का, तर म्हणतो "हौद्री सर, मनात."

पण हकनॉलची गोष्ट तिथं पण थांबली नाही. मार्च २००९ मध्ये, म्हणजे अपघाताच्या दीड वर्षाहून जास्त आधी, नवीन बनत असलेल्या हबांमध्ये हा काउंटर बोअरचा फरक कुणाच्या तरी लक्षात आला. म्हणजे पकडलं होतं! पुढचे पार्ट सुधारले. मग प्रश्न आला की जी इंजिनं आधीच उडतायत त्यांचं काय. त्यांना उघडून बघणं म्हणजे प्रचंड खर्च, तर हाताशी असलेले ९ हब मोजले, त्यावरून जुन्यांत जास्तीत जास्त किती फरक असेल ह्याचं गणित मांडलं, आणि मागच्या तारखेच्या मालासाठी कन्सेशन, म्हणजे मापाबाहेरचा माल आहे तसा चालवून घ्यायची परवानगी, दिलं. नऊ पीसांवरून पूर्ण ताफ्याचा अंदाज काढताना अंदाज किती चुकू शकतो तो भाग धरलेलाच नव्हता. शिवाय कंपनीच्याच नियमाप्रमाणं चीफ इंजिनिअर आणि क्वालिटीच्या वरच्या साहेबाची मंजुरी लागत होती, ती त्या कागदावर नव्हती.

मला विचाराल तर मूळ चूक डेटमची, पण अपघात झाला तो या कागदानं. डेटम चुकणं हे आपल्या धंद्यात पडसं आल्यासारखं आहे, होतं. पण कळल्यानंतर नऊ पीस मोजून बाकीच्यांना पास करणं, हे मी दहा वेळा बघितलंय आणि निदान दोनदा केलंय, आणि प्रत्येक वेळी ते फार शहाणपणाचं वाटतं, टेबलावर आकडे असतात, ग्राफ असतो. कॉलम भरलेला दिसला की पुढं कुणी विचारत नाही.

मामांना ही सगळी गोष्ट जेवणाच्या सुट्टीत सांगितली. ते भाकरी मोडत ऐकत होते. त्यांचा एकच प्रश्न, "मग त्यांनी तुकडा शोधला कसा?" तर बाटममध्ये पडलेल्या तुकड्यांसाठी एटीएसबीनं लोकांना आवाहन केलं, उरलेला भाग कसा दिसत असेल त्याचा फोटो देऊन. डिस्कचा एक मोठा तुकडा मिळाला. मामांना हे फार आवडलं. म्हणाले, "म्हणजे स्क्रॅप जपून ठेवायचं असतंय बघ."

पुढचं थोडक्यात. डिसेंबर २०१० मध्ये इंजिनाच्या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये बदल झाला, इंटरमीजिएट टर्बाइन हाताबाहेर जायच्या आत इंजिन आपणहून बंद व्हावं म्हणून. रोल्स-रॉइसनं क्वांटासला ९ कोटी ५० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दिले. विमान भंगारात काढलं नाही, दुरुस्त केलं, सुमारे १३ कोटी ९० लाख डॉलर लावून, आणि एप्रिल २०१२ मध्ये ते परत उडायला लागलं. एटीएसबीचा अंतिम रिपोर्ट जून २०१३ चा. ए३८० बनवणं नंतर बंद झालं ते इंजिनामुळं नाही, एवढी मोठी विमानं कुणाला परवडेनात म्हणून.

आमच्याकडं काय केलं ते पण सांगतो, नाहीतर नुसतं दुसऱ्याचं उकरून काढल्यासारखं होईल. बुश दाबायच्या आधी आतल्या बोअरचं सेंटर मोजून ते बाहेरच्या गोलाईशी किती सरकलंय हे प्रत्येक पीसवर पंच करायला सुरुवात केली. ऑपरेटर वैतागलाय, एका पीसला दीड मिनिट जास्त लागतंय, आणि पीसमागं पैसे तेवढेच. मालक म्हणतात बघू किती दिवस जमतंय. पहिलं माप वहीत लिहायचं ठरलंय, पेनानं, खोडरबर चालत नाही. वही दोनदा हरवून झाली.

लॉटमधल्या उरलेल्या ५९ पीसांचं काय करायचं हे कस्टमरला विचारलंय. त्यांच्याकडून मेल आला की दहा पीस कापून भिंतीची मापं पाठवा, त्यावरून बाकीचे यूज अ‍ॅज इज, म्हणजे आहेत तसेच, घेता येतील का बघतो. मी उत्तर दिलंय की दहा कापत नाही, सगळे मोजतो, आठवडा द्या. मालकांना हे मी नंतर सांगितलं. त्यांचं तोंड बघून मी सरळ चहाला गेलो. पीस लाल क्रेटमध्ये सीएमएम रूमच्या दाराशी आहेत, पावसात गंज धरायला लागला म्हणून वरून तेल मारून ठेवलंय, आजपर्यंत २३ मोजून झाले, त्यातले ८ रिजेक्ट गेले.